ओवरीतला पूर्ण दिवस

दिनकरकाका, उत्तर ‘हो’ आहे. पूर्ण दिवस. सकाळी साडेआठला राजवाड्याचं दार उघडल्यापासून दुपारी साडेतीनला ते बंद होईपर्यंत. मध्ये होडी नाही, बस नाही, दुसरं देऊळ नाही.

हे मी तुम्हाला त्या मंगळवारीच सांगू शकले असते. तुमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, समोर दोन स्क्रीन, कानात हेडफोन. तुम्ही म्हणालात, “मॅनेजरबाई, एक विचारू?”

“विचारा काका, पण दोन मिनिटांत.”

“यंदा बँकॉकला ओवरीसाठी किती वेळ देऊन राहिली?”

“अजेंड्यावर आहे. रविवारी मीटिंगमध्ये सांगते.”

“बरं,” म्हणालात. वर आणखी, “जास्त नाही मागत बाप्पा. समुद्र ओलांडेपर्यंत थांबू दे फक्त.”

मी हसले. फोनवर हसू दिसत नाही हे तेव्हा लक्षात आलं नाही. पूर्ण दिवस मी आधीच ठरवून ठेवला होता. तुम्हाला चालायला लागू नये म्हणून हॉटेल राजवाड्याजवळचं घेतलं होतं. पण तो रविवारच्या अजेंड्यावरचा चौथा विषय होता, आणि चौथा विषय तिसऱ्याच्या आधी काढायचा नाही, ही माझी सवय. शिवाय मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तुमचा चेहरा बघायचा होता. गुरुवारी सकाळी तुमच्या सुनेचा, मानसीचा, फोन आला. “सुनीता, बाबा उठत नाहीयेत.”

त्या रविवारची मीटिंग पुढे ढकलली. ती आज दुपारी झाली, माझ्या घरी, नेहमीच्या टेबलाभोवती. तुमचा दिवस तिथे कसा टिकला, तेही सांगते, पण क्रमाने. तुम्हाला माझा क्रम ठाऊक आहे.

आधी अंत्यविधीचं. फ्युनरल होममध्ये आपल्याला दोन तास मिळाले होते. मानसी आणि तुमचा मुलगा निखिल कोलमडले होते, म्हणून यादी मी केली: पार्किंग कुणी बघायचं, फुलं कुणी आणायची, भटजींना कुणी घेऊन यायचं, घरी चहाची सोय कोण करणार. बोलणाऱ्यांना प्रत्येकी तीन मिनिटं. सगळे वेळेत बोलले. तुमच्याबद्दल चांगलंच बोलले, तरी मला ते जरा पोस्टरवरच्या मजकुरासारखं वाटलं: शांत, मनमिळाऊ, अभ्यासू. तुम्ही मुळीच शांत नव्हतात. मी स्वतः बोलले नाही. माझ्या कार्डावर दोन ओळी होत्या आणि त्यातली एकही तीन मिनिटांत संपणारी नव्हती. निघताना लोक म्हणाले, “सुनीता, किती छान मॅनेज केलंस सगळं.” मी “थँक यू” म्हटलं आणि गाडीत बसून खूप रडले.

आपली ओळख किती थोड्या दिवसांची होती! मानसी तुम्हाला पहिल्यांदा आपल्या ग्रुपमध्ये घेऊन आली तेव्हा तुम्ही नागपूरहून इथे अमेरिकेत, एडिसनला, येऊन वर्ष झालं होतं. भारतात जाताना वाटेत कुठेतरी तीन दिवस उतरायचं, ही आपल्या ग्रुपची पद्धत. गेल्या वर्षी बँकॉक ठरलं होतं. मी चौदा ठिकाणांची यादी प्रिंट करून प्रत्येकाला दिली. ग्रँड पॅलेस एक तास पन्नास मिनिटं, वाट फोचं देऊळ चाळीस, वाट अरुणचं पन्नास, असं सगळं. बाकीच्यांनी विचारलं, जेवण व्हेज मिळेल का, वायफाय आहे का. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलात आणि विचारलंत, “हे पाहायचं केव्हा?”

“काका, हेच तर आहे. नऊ वाजता ग्रँड पॅलेस.”

“ते पोचायचं झालं. पाहायचं केव्हा?”

सतीश मोठ्याने हसला. सतीशला कुणाचंही हसू यायला वेळ लागत नाही. मला राग आला होता. मी मनात म्हटलं, एक त्रासदायक मेंबर मिळाला. तसं कागदावरही लिहिलं होतं, तुमच्या नावापुढे एक छोटा त्रिकोण. तो त्रिकोण मी ‘यांच्यावर लक्ष ठेवा’ या अर्थाने काढते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

तुम्ही आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतात, हे मला बँकॉकला उतरल्यावर कळलं. तेही विमानतळावरच. सामानाच्या पट्ट्याकडे जाताना तिथे भले मोठे राक्षस उभे आहेत, रंगीत, दात विचकलेले. आम्ही सगळे बॅगा मोजत होतो. तुम्ही हिरव्या तोंडाच्या एका राक्षसासमोर थांबलात, मान वर करून त्याची तोंडं मोजलीत आणि म्हणालात, “हा रावण आहे. आपल्याला घ्यायला आला.”

“काका, इथे कशाला रावण येईल?”

“चौकीदार आहे इथं. मोठा हुद्दा आहे त्याचा. एडिसनच्या लायब्ररीत दोन महिने वाचून राहिलो ना मी. मोजणीदाराची सवय, आधी कागद पाहायचे.”

दर शनिवारी मानसी तुम्हाला लायब्ररीत सोडायची ते कशासाठी, ते तेव्हा समजलं. आम्ही सगळे बॅग भरायची तयारी करत होतो, तुम्ही बघायची करत होतात.

ग्रँड पॅलेसच्या दारात सतीशला अडवलं. त्याची अर्धी पँट. मी यादीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, गुडघे झाकलेले हवेत. बाहेरच्या दुकानातून त्याला हत्तींची नक्षी असलेली ढगळ पायजम्यासारखी पँट घ्यावी लागली आणि त्यात माझी बारा मिनिटं गेली. तुम्ही त्याला म्हणालात, “सतीश, आता तू लोकल दिसतोस.” तो दिवसभर त्याच पँटमध्ये फिरला. आज मीटिंगला तीच घालून आला होता.

पाचूचा बुद्ध बघायला बूट काढून आत गेलो. सगळं जग ज्याच्यासाठी येतं ती मूर्ती हातभर उंचीची, सोन्याच्या मखरात कुठेतरी उंचावर, हिरवी. वर्षातून तीन वेळा ऋतूप्रमाणे तिचे कपडे बदलतात. मला जरा फसवल्यासारखं वाटलं, एवढी रांग आणि एवढीशी मूर्ती. तुम्ही खाली पाय मागे दुमडून बसलात, तिथल्या लोकांसारखे, मूर्तीकडे पाय न करता. मला म्हणालात, “लहान ठेवली म्हणून तर सगळे मान वर करून पाहतात.” मी घड्याळ बघत होते. हे वाक्य मला तेव्हा ऐकू आलं होतं एवढंच. ते कळलं घरी आल्यावर.

आणि मग ओवरी. त्या देवळाच्या आवाराला चारी बाजूंनी वेढणारी, छप्पर असलेली, लांबच लांब. आतल्या भिंतीवर रामायणाची एकशे अठ्ठ्याहत्तर चित्रं, एकाला लागून एक, सोन्याच्या वर्खाची. माझ्या यादीत तिला स्वतंत्र ओळसुद्धा नव्हती. ‘परत येताना ओवरीतून (सावली)’ असं लिहिलं होतं. सावली म्हणून.

तुम्ही उत्तरेचं दार विचारत विचारत शोधलंत, कारण गोष्ट तिथून सुरू होते. पहिल्या चित्रात जनक शेत नांगरतो आहे. तुम्ही बोट वर केलंत आणि सुरू झालात. “यांच्या गोष्टीत सीता रावणाचीच मुलगी. अपशकुनी म्हणून नदीत सोडून दिली. जनकाला सापडली, त्यानं पेटीत ठेवून शेतात पुरली आणि तप करायला गेला. वर्षांनी परत आला तर पेटी सापडेना. कशी सापडेल? खुणेचा दगडच लावला नाही! म्हणून सगळं शेत नांगरून राहिला, पाहा.”

अकरा माणसं, त्यातली निम्मी फोनमध्ये. हळूहळू फोन खाली गेले. मी ग्रुपच्या सगळ्या सहलींत एवढ्या माणसांना एका भिंतीकडे बघताना पाहिलं नव्हतं. तुम्ही चित्रं सोडत सोडत पुढे चालला होतात, मधूनच मागे जात होतात, कोपऱ्यातलं काहीतरी दाखवत होतात: राजवाड्याच्या भिंतीपलीकडे भाजी विकणारी बाई, भांडणारी दोन कुत्री, झाडाखाली पोट धरून बसलेला शिपाई. “युद्ध चालू आहे आणि याचं पोट बिघडलं,” म्हणालात. मारुती आला तो पांढराशुभ्र, दागिन्यांनी मढलेला, आणि एका सुंदर बाईच्या फार जवळ.

मी म्हटलं, “काका, हे काय? आमचा मारुती ब्रह्मचारी आहे.”

“तुमचा असेल. यांचा पाहा, रावणाच्या पुतणीला पटवून राहिला.”

“पण खरी गोष्ट कुठली मग?”

“अगं, एकाच शेताची मोजणी दोन मोजणीदारांनी केली की दोन नकाशे निघतात. शेत खोटं होते का त्यानं?”

पुढे एका चित्रापाशी एक बाई बुटक्या स्टुलावर बसली होती. भिंतीचा खालचा भाग ओलीने फुगला होता, रंग सुटला होता, आणि ती बारीक कुंचल्याने एका माकडाचा पाय पुन्हा रंगवत होती. तुम्ही तिच्या मागे उभे राहिलात. अकरा मिनिटं. मी घड्याळात बघितलं म्हणून मला माहीत आहे. एका पायाच्या चार बोटांसाठी अकरा मिनिटं. तिने मागे वळून बघितलं तेव्हा तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि तिनेही जोडले. नंतर तुम्ही मला सांगितलंत, “ही भिंत पुरी करता करता सुरुवातीचा रंग उडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. काय नोकरी आहे!” मोजणीच्या जुन्या नकाशांचे दुमडलेले कोपरे तुम्ही असेच चिकटवत बसायचात म्हणे, कुणी सांगितलं नसताना.

मग समुद्र. रामाची फौज काठावर, वानर दगड टाकताहेत, आणि दगड नाहीसे होताहेत. “दररोज सेतू बांधतात आणि सकाळी पाहतात तर दगड गायब. कोण नेते? मारुतीनं मारली बुडी. खाली पाहतो तर…”

“काका, बास!” मी म्हटलं. “अकरा चाळीसची होडी आहे. आता चला.”

आवाज मोठा होता. सगळ्यांसमोर. तुमचं बोट हवेत होतं. तुम्ही ते दुमडलंत, हात खिशात घातला आणि म्हणालात, “चला.” बस्स. रागावला नाहीत. रागावला असतात तर मी दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता.

होडी आम्हाला मिळाली. मिळाल्यावर ती वीस मिनिटं धक्क्यालाच उभी होती, हे मी कुणाकडे कबूल केलेलं नाही.

वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या सगळे चढले. तुम्ही खाली सावलीत बसलात. मला वाटलं, रुसलात. खाली आले तर तुम्ही देवळाच्या भिंतीला नाक लावून उभे होतात. “इकडे ये. वर जाऊन काय पाहिलंस?” मी म्हटलं, नदी, शहर, फोटो छान आले. “आता हे पाहा. फुटक्या बश्या.” आणि खरंच, लांबून जे फुलाफुलांचं नक्षीकाम दिसतं ते सगळं चिनी बश्यांच्या, वाट्यांच्या तुकड्यांचं होतं. चिनी जहाजं वजनासाठी भरून आणायची ती भांडी. तुटकं सगळं भिंतीत लावलं आणि वर ऊन पडलं की ते चमकतं. एवढं उंच देऊळ, आणि मी त्याच्यावर चढून आले होते, पण ते कशाचं केलं आहे हे मला माहीत नव्हतं.

वाट फोचा निजलेला बुद्ध तुम्ही पावलांनी मोजलात. डोक्यापासून तळव्यापर्यंत, गर्दीतून वाट काढत, ओठ हलवत. “साठ पावलं. माझं पाऊल अडीच फुटाचं. दीडशे फूट.” सतीशने फोनवर बघितलं: शेहेचाळीस मीटर. त्याने हिशेब केला आणि ओरडला, “एकशे एकावन्न! काका, एक फूट चुकलात!” तुम्ही म्हणालात, “एक फूट सरकारला सोडायचा असतो.” त्या दिवसापासून सतीश तुमच्या बाजूने होता. मला मात्र अजून वेळ लागला.

काका, माझी बाजूही लिहून ठेवते, कारण हा वाद आपण पुरा केला नाही. त्या तीन दिवसांत अकरापैकी एकही माणूस हरवलं नाही. कुणाचा पासपोर्ट राहिला नाही, कुणाचं औषध चुकलं नाही, तुमच्या दुपारच्या गोळीची आठवण रोज एक वाजता माझ्या फोनने केली. यादी नसती तर अर्धे लोक मॉलमध्ये गेले असते. यादी म्हणजे माझ्यासाठी माणसांची काळजी घेण्याची रीत आहे. मला दुसरी येत नाही. हे मी तुम्हाला एकदा एडिसनच्या मॉलमध्ये चालताना सांगितलं होतं, हिवाळ्यात, बाहेर बर्फ होता म्हणून आपण आत फेऱ्या मारत होतो. तुम्ही म्हणालात, “हाव, तू नसतीस तर आम्ही विमानतळावरच राहून गेलो असतो. रावणासोबत.” मी जिंकले असं मला वाटलं. दहा पावलांनी तुम्ही म्हणालात, “पण पोचवून देतेस आणि मग पोचू देत नाहीस.” त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

परत आल्यावर मजा झाली. गणपतीला, दिवाळीच्या फराळाला, जिथे जिथे ग्रुप भेटला तिथे लोक मला चौदा ठिकाणांबद्दल काही विचारेनात. यादीतला तो प्रचंड लाल झोका कुठल्या दिवशी बघितला ते कुणाला आठवत नव्हतं. ज्याला त्याला एकच: “काका, खाली बुडी मारली आणि मग? दगड कोण नेत होतं?”

आणि तुम्ही अडून बसलात. “तिथं सांगीन. चित्रासमोर.”

मी म्हटलं, “काका, असं कसं? लिहून द्या. मी टाइप करते, पीडीएफ करून सगळ्यांना पाठवते.”

“लिहिलं की लोक वाचतात. पाहत नाहीत.”

“मग रेकॉर्ड करते.”

“तू फार हुशार आहेस सुनीता. नको.”

मी चिडले. मला तो हट्ट वाटला. इंटरनेटवर शोधून ती गोष्ट मला पाच मिनिटांत कळली असती. मी शोधली नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मला ती तुमच्याकडून ऐकायची होती, त्या भिंतीसमोर, तुमच्या त्या वर केलेल्या बोटाच्या मागे उभं राहून. गेल्या वर्षी यायचं राहिलेल्या सहा जणांनी यंदा पुन्हा बँकॉकची मागणी केली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सगळ्यांना वाटलं, मी नव्या मेंबरांसाठी उदार झाले. मला माफी मागायची होती आणि ती मला वेळापत्रकातच मागता येते.

आता आजची मीटिंग.

बारा जण आले. तुमची खुर्ची कुणी रिकामी ठेवली नाही. खुर्च्याच कमी होत्या. पहिले तीन विषय झाले: विमान, खोल्या, औषधं. चौथ्याला मी कागद फिरवला. ‘दुसरा दिवस: ओवरी, साडेआठ ते साडेतीन.’ 

सतीश म्हणाला, “सुनीता, हे काकांसाठी होतं ना? आय गेट इट. पण आता सांगणार कोण? सात तास भिंत बघून काय करणार आपण? प्रॅक्टिकल हो यार. ऑडिओ गाईड घेऊ, एक तास, मग नदी. नव्या लोकांना वाट अरुण तरी बघू दे.”

चार माना हलल्या. तो बरोबर बोलत होता. शब्द न् शब्द माझा होता. वर्षापूर्वी मी हेच म्हटलं असतं, तेही कमी वेळात.

मी म्हटलं, “पूर्ण दिवस ठेवायचा.”

“पण का?”

मला कारण देता येईना, काका. मी आयुष्यात कुठल्याही मीटिंगला कारणांशिवाय गेले नाही. म्हटलं, “मला पुढची गोष्ट माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. म्हणून.”

“मग गूगल कर!” कुणीतरी म्हणालं आणि दोघं हसले.

तेव्हा मानसी बोलली. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. आली होती आणि कोपऱ्यात बसली होती. “बाबांनी मलाही नाही सांगितली. दर शनिवारी गाडीत मी विचारायचे, बाबा, आज काय वाचलं? म्हणायचे, तिकडे चल, मग सांगतो.” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बुधवारी जेवताना म्हणाले, सुनीता फार तर एक तास देईल. तिचंही बरोबर आहे, एवढी माणसं सांभाळायची असतात. म्हणून मी बारा चित्रं निवडून ठेवली आहेत. तिच्या एका तासात बसवतो. बोटांवर मोजून वेळ लावून बघत होते, एकेकाला पाच मिनिटं.”

माझी नजर समोरच्या कागदावरच्या ‘साडेआठ ते साडेतीन’वर गेली.

मग सतीश म्हणाला, “म्हणजे काकांनीपण शेवटी यादी केली!” तो हसला, आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हातांनी तोंड झाकलं.

माझ्याकडे सात तास होते आणि तुम्ही एका तासासाठी गोष्ट कापत बसला होतात. माझ्यासाठी. कुठली बारा, ते मानसीला माहीत नाही. कागदावर लिहिलेलं काही नाही, मी विचारलं. विचारणारच. तुम्ही माझ्या यादीची एवढी कदर केलीत हे मला तुम्ही गेल्यावर दहा दिवसांनी कळतंय आणि मी तुमच्या भिंतीची कदर केली हे तुम्हाला कळलंच नाही. हे असं राहणार. याला दुरुस्ती नाही. मी एरवी असं वाक्य लिहीत नाही.

थोड्या वेळाने चहा झाला आणि सगळं सरळ झालं. पूर्ण दिवस राहील. ऑडिओ गाईड नाही. ज्यांना दमायला होईल त्यांनी दुपारी नदीपार जावं, त्यांना सतीश नेईल. ग्रुप फोडायला मी पहिल्यांदाच परवानगी दिली. एकीने मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. शेवटी बाराच्या बारा जण म्हणाले, आम्ही थांबतो. मानसी म्हणाली, “पहिल्या चित्राचं मला येतं. पेटी आणि खुणेचा दगड.” एकाने सांगितलं, त्याला पोट बिघडलेला शिपाई कुठे आहे ते आठवतं. समुद्रापर्यंत आम्ही जाऊ. त्यापुढे सगळ्यांनी मिळून भिंतीकडे बघायचं आणि काय दिसतंय ते एकमेकांना सांगायचं. चुकेल. मारुतीची बायको कोण आणि रावणाचा भाऊ कोण याचा भलता गोंधळ होईल. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

सगळे गेल्यावर मी मीटिंगचा वृत्तांत लिहायला बसले. आपल्या ग्रुपमध्ये प्रत्येक ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या सभांतून आलेली रीत, आम्ही इथेही सोडलेली नाही. सतीशला वाटत होतं सूचक म्हणून माझं नाव लागेल, कारण कागद मी फिरवला. मी लिहिलं: ‘ओवरीसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. सूचक,’ आणि पुढे तुमचं पूर्ण नाव. ‘अनुमोदक,’ आणि पुढे माझं. ‘एकमताने मंजूर.’ सगळ्यांना पाठवून दिलं.

पाचच मिनिटांत सतीशचा मेसेज आला. “सुनीता, सूचक सभेला हजर हवा ना? तुझाच नियम आहे. टायपो?”

मी उत्तर पाठवलं, “नोंद बरोबर आहे.”